वाचकांचे प्रश्न : स्वस्त विमानकंपन्यांना बाजारात जागा कुठे आहे?

नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाल्यापासून स्वस्त विमानसेवांविषयीची पत्रे वाढली आहेत. बहुतेक पत्रांचा रोख एकच आहे : अशा कंपनीला बाहेरच्या बाजारात पुढे काय मिळू शकते, आणि मिळत असेल तर ते अजून आमच्या गावापर्यंत का पोचलेले नाही? त्यांतली काही पत्रे इथे घेतली आहेत. उत्तरांतले ‘समजा’ म्हणून दिलेले हिशेब ठोकळ आकड्यांवर बेतले आहेत.

प्रश्न : व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात स्वस्त विमानकंपनीच्या ‘बाह्य संधी’ लिहायच्या आहेत. सगळेच ‘वाढता मध्यमवर्ग’ लिहितात. पहिले वजन कशाला द्यावे? (विद्यार्थिनी, ठाणे)

मध्यमवर्ग लिहा, पण यादीत शेवटी. २०२४ मध्ये देशांतर्गत उड्डाणांतून सुमारे १६.१३ कोटी प्रवासी गेले. लोकसंख्येशी भागाकार केला तर साधारण नऊ माणसांमागे वर्षाला एक फेरी पडते, म्हणजे मागणी वाढायला वाव प्रचंड आहे. पण ही मागणी सगळ्यांसाठीच खुली असते. ती वाढत असतानाच एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज थांबली आणि मे २०२३ मध्ये गो फर्स्ट. दोघींची विमाने ग्राहकांअभावी थांबली नव्हती.

स्वस्त कंपनीचे गणित विमान दिवसाला किती तास हवेत असते यावर चालते. एकाच जातीची विमाने, एअरबसच्या ए३२० निओमध्ये १८० ते १८६ सीट, उतरल्यापासून पुन्हा निघेपर्यंत २५ ते ३५ मिनिटे, आणि दिवसाला ११ ते १३ तास उड्डाण. विमानाचे भाडे, म्हणजे लीज, डॉलरमध्ये महिन्याच्या महिन्याला जाते. विमान उभे असले तरी जाते. म्हणून समोर आलेल्या प्रत्येक संधीला चार प्रश्न लावा. त्या वेळेचा स्लॉट, म्हणजे विमानतळावर उतरण्या-निघण्याची ठरलेली वेळ, मिळेल का? परदेशी मार्ग असेल तर दोन देशांच्या करारात ठरलेल्या हक्काच्या सीट शिल्लक आहेत का? तिथे इंधनावर कर किती? आणि विमान परत येताना भरलेले असेल का? चारांपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ आले, तर बाजार कितीही मोठा असला तरी तो त्या कंपनीच्या उपयोगाचा नाही. उत्तरपत्रिकेत हे चार मुद्दे एखाद्या खऱ्या मार्गाला लावून दाखवलेत तर मध्यमवर्गाची ओळ लिहिली नाही तरी चालेल.

प्रश्न : नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. आता स्पर्धा वाढून तिकिटे उतरायला हवीत ना? (वाचक, पनवेल)

लगेच नाही. मात्र स्वस्त कंपन्यांसाठी मुंबई परिसरात गेल्या कित्येक वर्षांत आलेली ही सर्वांत मोठी संधी आहे, हे खरे.

सांताक्रूझ-अंधेरीच्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला उतरणे आणि चढणे मिळून साधारण ४६ हालचाली, त्यापुढे जागा नाही. एवढ्यावर या विमानतळाने २०२४-२५ मध्ये साडेपाच कोटींच्या आसपास प्रवासी हाताळले. तिथे स्लॉट वाटताना जुना हक्क चालतो. ज्या कंपनीने गेल्या हंगामात आपला स्लॉट किमान ८० टक्के वापरला, तिला तो पुढच्या वर्षीच्या त्याच हंगामात परत मिळतो. साहजिकच नव्या कंपनीच्या वाट्याला रात्री दोनची नाहीतर भर दुपारची वेळ येते. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ या वेळा, जिथे कामाचा प्रवासी जास्त भाडे देतो, त्या आधीच धरलेल्या असतात.

नवी मुंबईत पाटी कोरी होती. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी उड्डाणे. इंडिगो, एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा आणि स्टार एअर अशा कंपन्या सुरुवातीलाच तिथे गेल्या, ते चांगल्या वेळा पदरात पाडून घेण्यासाठी. धावपट्टी ३,७०० मीटरची आहे आणि पहिल्या टप्प्याची क्षमता वर्षाला दोन कोटी प्रवाशांची.

अडचण आली ती वेळेची. सुरुवातीला विमानतळ सकाळी ८ ते रात्री ८ एवढाच चालू ठेवला होता. दोन तासांचे उड्डाण आणि अर्ध्या तासाचा थांबा धरा. पहाटे सहा ते मध्यरात्र अशा १८ तासांत एक विमान सात फेऱ्या करते. १२ तासांत चारच. तीन फेऱ्या गेल्या म्हणजे दिवसाला ५५८ सीट गेल्या आणि लीजचा हप्ता मात्र तेवढाच. म्हणून कोणत्याही नव्या विमानतळाची खरी किंमत तो चोवीस तास चालू लागला आणि तिथे रात्री विमाने उभी करायला जागा मिळू लागली की कळते. रात्री उभे राहिलेले विमान पहाटे तिथूनच निघते. नाहीतर सकाळचे पहिले विमान दुसऱ्या शहरातून येईपर्यंत दहा वाजतात.

दुसरी गोष्ट शुल्काची. प्रवाशाकडून घ्यायच्या विकास शुल्काचा नवी मुंबईचा सुरुवातीचा हंगामी दर देशांतर्गत निघणाऱ्या प्रवाशामागे ६२० रुपये ठरला. जुन्या विमानतळावर मे २०२५ पासून तो १७५ रुपये होता. चार-साडेचार हजारांच्या तिकिटात हा फरक दिसतो. शिवाय एकाच महानगरात दोन ठिकाणी अभियंते, सुटे भाग, चेक-इनची माणसे ठेवावी लागतात. आणि एका विमानतळावर उतरून दुसऱ्यावरून पुढचे विमान पकडणारा प्रवासी जवळजवळ संपतोच. वाहतूक धरून एवढा रस्ता कापायची जोखीम कोणी घेत नाही.

तेव्हा कंपनीने तिथून काय विकावे? पनवेल, खोपोली, अलिबाग, ठाण्याचा पूर्व भाग आणि द्रुतगती मार्गाने येणारे पिंपरी-चिंचवड इथला थेट प्रवासी. त्याला पुढे कुठे विमान बदलायचे नसते, आणि अंधेरीपर्यंतचा दीड-दोन तासांचा रस्ता वाचतो याचे पैसे तो देतो. तिकिटे उतरतील ती याच मार्गांवर दोन-तीन कंपन्यांची विमाने रोज सुटू लागल्यावर.

प्रश्न : ‘उडान’ योजना येऊन इतकी वर्षे झाली. छोट्या शहरांत मागणी आहे असे सगळे म्हणतात, मग विमाने सुरू होऊन बंद का पडतात? मोठ्या स्वस्त कंपन्या इथे का येत नाहीत? (व्यापारी, कोल्हापूर)

आधी नोंदीतले आकडे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालानुसार छोट्या शहरांना विमानाने जोडणाऱ्या केंद्राच्या उडान योजनेच्या पहिल्या तीन टप्प्यांत ७७४ मार्ग दिले गेले. त्यांतले ३७१ सुरू झाले, सवलतीची तीन वर्षे पूर्ण केली ती ११२ मार्गांनी, आणि मार्च २०२३ पर्यंत सवलत संपल्यावरही चालू राहिले ते फक्त ५४.

योजनेची रचना अशी : सुमारे तासाभराच्या प्रवासाला मूळ कमाल भाडे २,५०० रुपये (नंतर ते महागाईप्रमाणे बदलत गेले), त्या दराने विकायच्या ठरावीक सीट, आणि तोटा भरून काढायला तीन वर्षे अनुदान. अनुदानाचा मोठा वाटा केंद्र जमा करते तो मोठ्या मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या शुल्कातून. राज्याचा वाटा २० टक्के. या तीन वर्षांत त्या मार्गावर दुसऱ्या कंपनीला येता येत नाही. चौथ्या वर्षी मात्र कंपनीला स्वतःच्या पायावर उभे राहावे लागते, आणि बहुतेकींचा पाय तिथेच घसरतो.

आता विमानाचा आकार पाहा. कोल्हापूर-मुंबई पाऊण-एक तासाचे उड्डाण. ए३२० एवढ्या वेळात सुमारे २.३ टन इंधन पिते, सीटमागे बारा किलोच्या वर. ७८ सीटचे, पंख्यांवर उडणारे छोटे एटीआर ७२ साधारण ७०० किलोंत तेच अंतर कापते, सीटमागे नऊ किलो. ए३२० चा वेग लांब पल्ल्यात कामी येतो. एवढ्या अंतरात चढण्या-उतरण्यातच वेळ जातो. शिवाय ए३२० परवडायला रोज एका दिशेला दीडशे माणसे लागतात, एटीआरला साठच्या आत भागते. व्यापाऱ्याला सकाळी जाऊन रात्री घरी यायचे असते. त्याला १८६ सीटच्या एका दुपारच्या विमानापेक्षा ७८ सीटची दोन विमाने जास्त उपयोगी.

छोट्या विमानाला कायद्यानेही हात दिला आहे, आणि हे फार थोड्यांना ठाऊक असते. कमाल उड्डाण-वजन ४० टनांखाली असलेल्या, वेळापत्रकाने चालणाऱ्या विमानाला विकलेले इंधन केंद्रीय विक्रीकर कायद्यात ‘घोषित वस्तू’ आहे. त्यावर राज्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त कर लावता येत नाही. ए३२० ला मात्र मुंबईत १८ टक्के व्हॅट लागतो. (२०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात मुंबई, पुणे आणि रायगडसाठी तो २५ वरून १८ वर आणण्याची घोषणा झाली.) ८० पेक्षा कमी सीटच्या विमानांना देशांतर्गत उड्डाणात उतरण्याचे शुल्कही माफ आहे. एटीआरमध्ये ७८ सीट का, याचे निम्मे उत्तर यात आहे.

कराचा फरक किती पडतो ते पाहू. समजा सव्वा तासाच्या उड्डाणाला ए३२० ने तीन टन, म्हणजे सुमारे ३,७५० लिटर इंधन घेतले, आणि १८ टक्के कर धरून दर किलोलिटरला ९०,००० रुपये आहे. इंधनाचे बिल ३ लाख ३७ हजार. तेच इंधन १ टक्का करावर घेतले तर बिल सुमारे ४८ हजारांनी उतरते. ८० टक्के सीट भरल्या असतील तर माणशी सव्वातीनशे रुपये. म्हणून वैमानिकांना कमी कराच्या गावी टाकी जास्त भरून आणायला सांगतात. पण त्यालाही मर्यादा आहे : जादा नेलेल्या इंधनातले तीनेक टक्के दर तासाला ते वाहून नेण्यातच जळतात, आणि धावपट्टी आखूड असेल तर जड विमान उतरवता येत नाही.

बंद पडण्याची बाकी कारणे जमिनीवर आहेत. उपकरणांच्या आधाराने उतरण्याची सोय नसेल तर ५ किलोमीटर दृश्यमानता लागते. पावसाळ्यात किंवा डिसेंबरच्या धुक्यात सकाळचे विमान रद्द होते आणि दिवसभराचे वेळापत्रक कोलमडते. रात्री उतरण्याची सोय नसेल तर संध्याकाळची फेरी नाही. अग्निशमनाची श्रेणी ए३२० ला सहावी आणि ए३२१ ला सातवी लागते. आणि सर्वांत मोठे कारण तुमच्या गावात नाहीच, ते मुंबईत आहे : सकाळचा स्लॉट. मुंबईत दुपारी एकला पोचवणारे विमान तोट्यातच जाणार. नवी मुंबईमुळे खरा फायदा कोणाला होऊ शकतो, तर कोल्हापूर, सोलापूर, नांदेड, जळगाव, अमरावती यांना. विमानतळासाठी निवेदन देताना ‘विमान सुरू करा’ असे मोघम न लिहिता मुंबईतली पोचण्याची वेळ मागा.

प्रश्न : दुबईची विमाने बारा महिने भरलेली. स्वस्त कंपन्या फेऱ्या का वाढवत नाहीत? (वाचक, पुणे)

परवानगी संपली आहे म्हणून. दोन देशांमधली उड्डाणे करारावर चालतात. दुबईच्या बाबतीत दोन्ही बाजूंना आठवड्याला सुमारे ६६ हजार सीटची मर्यादा आहे. १८६ सीटच्या विमानांत मोजले तर दिवसाला पन्नासेक उड्डाणे, आणि ती सर्व भारतीय कंपन्यांत आणि सर्व शहरांत मिळून. मर्यादा वाढवा, असे दुबई बऱ्याच वर्षांपासून सांगत आहे. भारत हात आखडता घेतो, कारण तिकडच्या मोठ्या कंपन्या इथला प्रवासी दुबईमार्गे युरोप-अमेरिकेला नेतात, आणि वाढीव सीटचा मोठा लाभ त्यांनाच होईल अशी धास्ती आहे.

तरीही या कोंडीत स्वस्त कंपन्यांना तीन फटी सापडल्या आहेत. पहिली : अमिरातींचे कोटे वेगवेगळे आहेत. दुबईचा भरला म्हणून अबुधाबी, शारजा, रास अल खैमा बंद होत नाहीत. इंडिगोने मे २०२५ मध्ये मुंबई आणि कण्णूरहून फुजैराला उड्डाणे सुरू केली आणि पुढे बसने दुबई-शारजाला जायची सोय ठेवली. दुसरी : परदेशी कंपनीला करारात नाव असलेल्या शहरांतच उतरता येते, भारतीय कंपनीला मात्र इथल्या कोणत्याही शहरातून निघता येते. एमिरेट्सला पुणे आणि गोवा हवे आहेत, पण मिळालेले नाहीत. पुण्याहून थेट जायचे तर भारतीय कंपनीशिवाय पर्याय नाही, ही त्या कंपनीसाठी तयार संधी. मात्र पुण्याचा लोहगाव विमानतळ हवाई दलाचा आहे, तिथल्या वेळा दलाच्या सोयीने मिळतात आणि धावपट्टी सुमारे अडीच हजार मीटरची, तेव्हा भर उन्हात पूर्ण वजन घेऊन उडता येईलच असे नाही. तिसरी फट इंधनाची : भारतीय कंपनीच्या परदेशी उड्डाणासाठी घेतलेले इंधन कायद्याने निर्यातीत धरले जाते, त्यावर राज्याचा व्हॅट लागत नाही.

यात आणखी एक गोष्ट हिशेबनीसाला आवडणारी आहे. कंपनीचा लीज, इंजिनदुरुस्ती आणि सुटे भाग यांचा खर्च डॉलरमध्ये, उत्पन्न रुपयांत. रुपया घसरला की देशांतर्गत कंपनी नुसती बसून तोटा पाहते. दिरहममध्ये, म्हणजे अमिरातींच्या चलनात, विकलेले तिकीट तो फटका सौम्य करते, कारण दिरहम डॉलरला बांधलेला आहे. आखातातून सुट्टीवर येणारा माणूस तिकीट तिकडेच काढतो. केरळ-आखात मार्गावर २००५ पासून उडणाऱ्या एअर इंडिया एक्स्प्रेसचा पाया हाच.

प्रश्न : बाकू, अल्माटी, तिबिलिसी अशी नावे अचानक कुठून आली? (वाचक, नाशिक)

कंपासचे एक टोक दिल्ली-मुंबईवर ठेवा आणि पाच-सहा तासांचे वर्तुळ काढा. ए३२० निओचा कागदावरचा पल्ला ६,३०० किलोमीटरच्या आसपास आहे. सामान, उलटे वारे आणि राखीव इंधन धरून प्रत्यक्षात बराच कमी. त्या वर्तुळात जिथे भारतीयांना व्हिसा लागत नाही किंवा घरबसल्या ई-व्हिसा मिळतो, ते शहर यादीत येते. कझाकस्तानने २०२२ मध्ये भारतीयांना १४ दिवस व्हिसामुक्त प्रवेश दिला, थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये आणि मलेशियाने डिसेंबर २०२३ मध्ये व्हिसाची अट काढली. इंडिगोने २०२३ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात तिबिलिसी, बाकू, ताश्कंद, अल्माटी एकापाठोपाठ घेतली. सहा तासांच्या आतले उड्डाण म्हणजे कर्मचाऱ्यांचा दुसरा संच नको, बहुधा हॉटेल नको, आणि तेच विमान रात्री देशाबाहेर जाऊन सकाळी देशांतर्गत फेरीला हजर.

पण बाहेरून मिळालेली संधी बाहेरूनच काढून घेतली जाते. २४ एप्रिल २०२५ ला पाकिस्तानने हवाई हद्द बंद केली आणि चारच दिवसांत इंडिगोला अल्माटी आणि ताश्कंद थांबवावे लागले, कारण वळसा घालून जायचे तर ताफ्यातल्या विमानांचा पल्ला पुरेना. तिकीट विकत घेणारा होता, व्हिसा होता, विमान होते. मधले आकाश नव्हते. आग्नेयेकडच्या मार्गांना ही जोखीम नाही. बँकॉक, फुकेत, हो ची मिन्ह सिटी इथे भाड्याची स्पर्धा जास्त असूनही कंपन्या टिकून राहतात त्याचे एक कारण हे. तिथे उलटी अडचण आहे : तिकडच्या स्वस्त कंपन्यांचा सीटमागचा खर्चही कमी, आणि आसियान या आग्नेय आशियाई गटातल्या देशांच्या कंपन्यांना भारतातल्या १८ शहरांत फेऱ्यांवर मर्यादा नाही.

प्रश्न : हापूस थेट विमानाने आखातात पाठवायचा, तर स्वस्त विमानकंपन्यांचा उपयोग होईल का? (बागायतदार, देवगड)

होईल, पण हंगामाच्या पहिल्या महिन्यात. प्रवासी विमानाच्या पोटात सामान ठेवून उरलेल्या जागेत माल जातो. ए३२० मध्ये प्रवाशांचे सामान ठेवूनही दोन-तीन टनांची जागा निघू शकते. आखाताच्या मार्गावर तर येताना माणसे सामान भरभरून आणतात, जाताना हलकी जातात. म्हणजे इकडून निघणाऱ्या विमानातच जागा जास्त. कंपनीला तो जवळजवळ फुकटचा पैसा, कारण विमान एरवीही उडणारच असते.

बिघडते कुठे ते लक्षात ठेवा. ए३२० च्या पोटात १.१४ मीटर उंचीचे कंटेनर बसतात, पण कंपनी ते वापरते की खोकी सुटी रचते हे आधी विचारा. बोइंग ७३७ मध्ये सगळेच सुटे रचावे लागते. सुट्या मालाला चढवायला वेळ लागतो, आणि अर्ध्या तासात विमान सोडायचे असेल तर आधी मालच मागे राहतो, प्रवाशाची बॅग नाही. मागे राहिलेला आंबा एप्रिलच्या उन्हात विमानाशेजारी ट्रॉलीवर तापतो. उलट शीतगृहात १२-१३ अंशांच्या खाली ठेवलात तर सालीवर डाग पडतात आणि फळ नीट पिकत नाही. म्हणून बुकिंग करताना दोन गोष्टी लेखी घ्या : माल राहिला तर त्याच दिवशीचे पुढचे कोणते विमान, आणि तोवर तो सावलीत कुठे ठेवणार.

माल विमानतळावर किमान चार-पाच तास आधी पोचेल असे धरून देवगडहून रात्रीच गाडी काढा. खोकी डझनाची आणि एकसारख्या आकाराची ठेवा. हवा खेळण्याची भोके बाजूंना, तळाला नकोत. आखातासाठी वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागते. अमेरिकेसाठी विकिरण, युरोपसाठी उष्णजल आणि जपानसाठी उष्णबाष्प प्रक्रिया हे वेगळे, आणि तिथे हे छोटे विमान उपयोगाचे नाही.

एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यानंतर आवक वाढून भाव उतरला, की विमानाचे भाडे परवडेनासे होते. तेव्हा न्हावा शेव्याहून शीत कंटेनरने समुद्रमार्गे पाठवलेला माल जिंकतो. विमान हे लवकरच्या, चढ्या भावाच्या मालासाठी.

प्रश्न : एक कंपनी बंद पडली की दुसरीचे फावते, हे खरे का? (वाचक, नागपूर)

ज्या कंपनीकडे त्या आठवड्यात मोकळी विमाने आणि वैमानिक असतात, तिचे फावते. २०१९ मध्ये जेट थांबली तेव्हा तिच्या ताफ्यातली बरीच बोइंग ७३७ भाडेकंपन्यांनी परत घेतली आणि स्पाइसजेटने त्यांतली अनेक पटापट चालवायला घेतली. २०२३ मध्ये गो फर्स्टच्या वेळी तसे घडले नाही. दिवाळखोरीच्या कायद्यातल्या स्थगितीमुळे तिची ५४ विमाने अडकून पडली. दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांची नोंदणी रद्द करण्याचा आदेश दिला तो एप्रिल २०२४ मध्ये. त्यात भर तिच्या विमानांना लागणाऱ्या प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या टंचाईची. जुलै २०२३ मध्ये त्याच इंजिनांचे भाग बनवताना वापरलेल्या धातूच्या भुकटीतला दोष जाहीर झाला आणि इंडिगोचीही सत्तरच्या वर विमाने पुढे जमिनीवर आली. पण तिचा ताफा आणि ऑर्डर एवढी मोठी होती की ते पचवूनही गो फर्स्टच्या प्रवाशांपैकी बरेचसे तिच्याकडेच गेले.

डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोलाच वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनी गाठले. आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास झाली, रात्रीच्या लँडिंगवर बंधने आली, वेळापत्रक त्याला जुळले नाही आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. इतर कंपन्यांना ती मागणी उचलता आली का? फार थोडी. वैमानिक महिन्यात तयार होत नाही. जी थोडी विमाने फिरवता आली, त्यांच्या भाड्यावर सरकारने मर्यादा घातली : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, पुढे टप्प्याटप्प्याने १५०० किलोमीटरच्या वर १८,००० पर्यंत.

२०२५ मध्ये संसदेने विमानमालकांच्या हक्कांचे रक्षण करणारा कायदा केला. कंपनी बुडाली तर विमान लवकर परत मिळेल, ही खात्री वाढली की लीजचा दर उतरायला मदत होते. याचा लाभ नव्या आणि छोट्या कंपन्यांना जास्त; मोठीला तशीही पत असते.

प्रश्न : समृद्धी महामार्गामुळे विमाने बंद पडतील का? (वाचक, छत्रपती संभाजीनगर)

तुमच्याकडून मुंबईला जाणाऱ्या विमानाला धक्का आहे, नागपूर-मुंबई विमानाला नाही. ७०१ किलोमीटरचा रस्ता जून २०२५ मध्ये पूर्ण झाला. नागपूर-मुंबईला आठेक तास लागतात, तुम्हाला पाचच्या आत. दारापासून दारापर्यंत चार-पाच तासांत गाडी पोचत असेल तर विमानाचा प्रवासी गळतो. तुमच्या शहरातून कंपन्यांनी दिल्ली, बंगळुरू, हैदराबाद पाहावे.

प्रश्न : स्वस्त कंपन्या युरोपात गेल्या तर तिकीट निम्म्यावर येईल का? (वाचक, मुंबई)

नाही. लांबच्या प्रवासात स्वस्ताईची बहुतेक शस्त्रे बोथट होतात. विमान नऊ तास हवेत असतेच, त्यामुळे थांबा लवकर आटोपून फार काही वाचत नाही. जेवण, कर्मचाऱ्यांचा दुसरा संच आणि त्यांचे हॉटेल यांचा खर्च टळत नाही. नॉर्वेजियनने हा प्रयोग मोठ्या हिमतीने केला आणि जानेवारी २०२१ मध्ये लांब पल्ला सोडला. इंडिगोने जुलै २०२५ मध्ये मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केले तेही भाड्याने घेतलेल्या बोइंग ७८७ वर, पुढे आरामदायी सीट ठेवून. आम्हाला जास्त शक्यता दिसते ती ए३२१ एक्सएलआरमध्ये. ८,७०० किलोमीटरचा कागदी पल्ला, वैमानिकांना ओळखीचे विमान, आणि मोठ्या विमानाला न परवडणारी मधली शहरे.

प्रश्न : नव्या मार्गाची घोषणा झाली की तो टिकणार की नाही हे आधी कसे ओळखावे? दुकानाची जागा घ्यायची आहे. (वाचक, सिंधुदुर्ग)

विमानांची वेळापत्रके दोन हंगामांत बदलतात : मार्चचा शेवटचा रविवार आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. घोषणा वाचून थांबू नका, पुढच्या हंगामातल्या तारखेचे तिकीट कंपनीच्या संकेतस्थळावर मिळते का ते पाहा. विक्री हंगामाच्या शेवटच्या शनिवारी संपत असेल तर कंपनीने पुढचे ठरवलेले नाही. आठवड्यातून तीन दिवसांचे विमान हे बहुधा दुसरीकडून उरलेल्या वेळात बसवलेले असते. रोजचे झाले तर ते मुद्दाम दिलेले. त्याच मार्गावर अनुदानाची मुदत कधी संपते ते उडानच्या मंजुरीच्या यादीत पाहा आणि जागेचा करार त्या तारखेच्या पलीकडे बांधून घेऊ नका. विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला विमानतळवार प्रवासी आणि उड्डाणे प्रसिद्ध करते. प्रवाशांना उड्डाणांनी भागा. ७८ सीटच्या विमानात सरासरी पन्नासच्या खाली सलग चार महिने राहिली, तर दुकान विमानतळाच्या रस्त्यावर नको, बाजारपेठेत घ्या.